भाव आणि ठाव

भाव विचारणे आणि वस्तू विकत घेणे या दोन अगदी निरनिराळ्या क्रिया आहेत, हे बी.कॉम.च्या तीन वर्षांत मला कोणी शिकवले नाही. ते मी वर्ध्याच्या बाजारात शिकलो. आमच्याकडे माणूस सकाळी वांग्यांचा भाव विचारतो, दुपारी सोन्याचा विचारतो, संध्याकाळी कापसाचा विचारतो आणि रात्री पिठलं-भाकरी खाऊन स्वस्थ झोपतो. भाव ठाऊक असणे ही आमच्यात एक स्वतंत्र इस्टेट आहे. त्यातून वस्तू परदेशी असली आणि आपला एखादा माणूस तिकडे असला, तर भाव दोन्हीकडचे विचारता येतात आणि इस्टेट दुप्पट होते.

आमचा माणूस म्हणजे माझा पुतण्या. तो न्यू जर्सीत असतो आणि शनिवार-रविवारी खजिना शोधायला जातो. पहिल्यांदा हे कानावर आले तेव्हा वहिनी हबकल्या. पगार वेळेवर होतोय ना त्याचा, असे त्यांनी मला बाजूला घेऊन विचारले. मी फोन लावला.

"काका, त्याला जिओकॅशिंग म्हणतात," तो म्हणाला.

'कॅश' म्हटल्यावर माझे कान उभे राहिले. बावीस वर्षे काउंटरवर काढलेल्या माणसाचे दुसरे काय होणार? पण हा कॅश निराळा. रोकड नव्हे, दडवून ठेवलेली चीजवस्तू. कोणीतरी रानात, पुलाखाली, झाडाच्या ढोलीत एक डबा दडवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. बाकीच्यांनी हातात जीपीएस यंत्र घेऊन तो शोधायचा. डब्यात एक वही असते, तिच्यात नाव आणि तारीख लिहायची. आतली एखादी वस्तू घ्यावीशी वाटली तर तेवढ्याच किंवा अधिक मोलाची दुसरी ठेवायची. मी म्हटले, अरे, ही तर आमची द्विनोंदी पद्धत! जमा तितके खर्च, आणि सही केल्याशिवाय सुटका नाही. असे डबे म्हणे जगभरात तीस लाखांहून अधिक आहेत.

या खेळाची जन्मतारीख पक्की आहे. तोपर्यंत अमेरिकन सरकार सामान्य माणसाला मिळणाऱ्या जीपीएसच्या संदेशात मुद्दाम खोट मिसळत असे. जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. म्हणजे हंडा आपल्या परसात आणि यंत्र खणायला सांगणार शेजाऱ्याच्या. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने २ मे २००० रोजी ही खोट काढली गेली आणि ३ मे रोजी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने ओरेगॉन राज्यातल्या बीव्हरक्रीकजवळ एक बादली दडवून आकडे जाहीरसुद्धा केले. बादलीत इतर वस्तूंबरोबर बीन्सचा एक डबाही होता. सरकारने सवलत दिल्यावर दुसऱ्याच दिवशी तिचा लाभ घेणारा ग्राहक आमच्या शाखेत अजून यायचा आहे.

"मोबाइलवर नाही का भागत?" मी विचारले.

"भागतं. पण हे यंत्र पडलं तरी फुटत नाही, पावसात भिजलं तरी चालतं, आणि दोन पेन्सिल सेलवर १६८ तास चालतं असं कंपनी सांगते."

माझा मोबाइल दुपारच्या डब्यापर्यंत टिकतो. यंत्र मनात भरले. आणि वर्ध्याचा माणूस, वस्तू मनात भरली की पुढचे पाऊल ठरलेले!

हे २०२३ सालचे. गार्मिन कंपनीचे ईट्रेक्स एसई हे यंत्र त्याच वर्षी निघाले होते. अमेरिकेतली छापील किंमत १४९ डॉलर ९९ सेंट. हे ९९ सेंट म्हणजे आमच्याकडच्या चपलांच्या दुकानातून तिकडे गेले असावेत. पण तिकडे छापील किमतीत विक्रीकर धरलेला नसतो. न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के मिळवला की १५९ डॉलर ९३ सेंट. डॉलर तेव्हा ८३ रुपयांच्या आसपास होता. म्हणजे १३,२७४ रुपये. नागपूरच्या एका दुकानात विचारले तर आकडा याच्या दीडपटीजवळ गेला. दुकानदाराने वर चहा पाजला, तो मी जमेला धरला. पार्सलने मागवावे तर कुरिअरचे भाडे, त्यावर सीमाशुल्क, शुल्कावर आणखी कर. चक्रवाढ व्याजाची सवय असलेल्या मलाही घाम फुटला.

राहता राहिला एक मार्ग. २०१६ च्या बॅगेज नियमांनुसार बहुतेक देशांतून परत येणाऱ्या भारतीय प्रवाशाला तेव्हा ५०,००० रुपयांपर्यंतचे सामान शुल्काशिवाय आणता येत असे. म्हणजे पोराने स्वतः येताना आणले तर शुल्क शून्य, भाडे शून्य. फक्त एक पथ्य होते. उपग्रहाला उलट संदेश पाठवणारी यंत्रेही असतात, ती आपल्याकडे सरकारी परवानगीशिवाय चालत नाहीत. आपले यंत्र नुसते ऐकणारे हवे. "माझ्या सवयीचं आहे," मी म्हटले. सौ. तिथेच होत्या.

मी सगळा ताळेबंद कागदावर मांडून शाखेत फिरवला. कॅशियर म्हणाला, "गांधीजींच्या जिल्ह्यात राहून परदेशी यंत्र?" मुद्दा बिनतोड होता. इथे मगन संग्रहालयावरून जाताना टेरिकॉटचा शर्टही अंग चोरतो. पण मी त्याला सांगितले, बाबा रे, यंत्र सोड, ते उपग्रहच अमेरिकेचे आहेत. २०,२०० किलोमीटर उंचीवरून ते फिरतात, प्रत्येकाच्या पोटात अणुघड्याळ आहे, आणि 'मी अमुक जागी, आता इतके वाजले' एवढेच बोलत असतात. तो निरोप पोचायला किती वेळ लागला यावरून यंत्र अंतर काढते. चार उपग्रहांचे म्हणणे जुळले की आपण कुठे उभे आहोत ते कळते. बँकेत दोन साक्षीदारांवर भागते, इथे चार लागतात. आणि त्यांचे बोलणे साऱ्या जगाला फुकट. वीस हजार किलोमीटरवरचा निरोप फुकट आणि नागपूरहून वर्ध्याला यायचा डबा महाग, असा हा व्यवहार आहे.

रात्री सौ.नी ताळेबंद वाचला आणि एकच प्रश्न विचारला.

"भाव समजला. पण जायचं कुठे?"

प्रश्न सोपा नव्हता. तसा आमचा जिल्हा पत्त्याच्या बाबतीत हळवा आहे. गांधीजी १९३६ साली ज्या सेगावात राहायला आले, त्याची पत्रे बुलढाण्याच्या शेगावला जाऊ लागली, म्हणून १९४० साली गावाचे नावच सेवाग्राम केले. आता सेवाग्राम शोधायला यंत्र लागत नाही. यंत्राला शोभेल अशी जागा जिल्ह्यात कोणती?

ती हिंगणघाटला सापडली. वर्ध्याहून चाळीसेक किलोमीटरवर. तिथे कर्नल विल्यम लॅम्बटन यांची कबर आहे. या माणसाने १८०२ साली मद्रासजवळ हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली आणि कन्याकुमारीपासून वर सरकत आयुष्याची वीस वर्षे तीत घातली. त्यांचे यंत्र म्हणजे अर्ध्या टनाचा थिओडोलाइट. तोही परदेशी, लंडनहून मागवलेला. वाटेत फ्रेंचांनी जहाजच पकडून मॉरिशसला नेले, पण यंत्र शास्त्राच्या कामाचे आहे असे कळल्यावर तिथल्या फ्रेंच गव्हर्नरने ते सन्मानाने मद्रासला रवाना केले. शुल्क घेतल्याचे कुठे वाचनात नाही. पुढे १८०८ साली तंजावरच्या देवळावर चढवताना ते आदळले, तर याने तंबूत बसून सहा आठवडे खपून स्वतःच्या हाताने दुरुस्त केले. हैदराबादेहून नागपूरकडे निघाले असता जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटच्या मुक्कामी ते वारले. मदतनीस जॉर्ज एव्हरेस्ट यांनी काम पुढे नेले, आणि १८६५ साली जगातल्या सर्वांत उंच शिखराला नाव मिळाले ते मदतनीसाचे. साहेब हिंगणघाटलाच राहिले. नोकरीत असे होते.

एका रविवारी मी पाहणीला गेलो. हातात यंत्र नव्हते, म्हणून बसस्टँडवर विचारले.

"लॅम्बटन? कोन्त्या ब्यांकेत हायेत ते?" पहिल्याने विचारले. पानवाल्याने उजवीकडे हात केला. सायकलवाल्याने सरळ जायला सांगितले. एका आजोबांनी "इंग्रजाची कबर ना? चाल बापू, दाखवतो," म्हणून अर्धी वाट सोबत केली. चौघांचे म्हणणे जिथे जुळले तिथे कबर होती.

मी थोडा वेळ उभा राहिलो. ज्याने अर्ध्या देशाचा ठाव इंच-इंच मोजून वहीत लिहिला, त्याचा स्वतःचा ठाव आता पानवाला, सायकलवाला आणि एक आजोबा यांच्या खात्यावर चालू आहे. आजोबा गेले की एक साक्षीदार कमी. शोधायला कोणी आले नाही तर विचारणार कोण, आणि सांगणारा तरी कशाला लक्षात ठेवील? डब्याचेही तसेच असणार. माणसाचेही.

घरी आलो तर वहिनी आल्या होत्या. पोराला येऊन चार वर्षे झाली होती. त्या काही म्हणाल्या नाहीत. माझा ताळेबंद हातात घेऊन, शुल्क शून्य, भाडे शून्य या ओळीवर बोट ठेवून बसल्या होत्या. विमानाच्या तिकिटाचा आकडा मी त्या कागदात धरला नव्हता. वहिनींनी तो विचारला नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर असूनही मी तो आपण होऊन सांगितला नाही.

रात्री फोन लावला. म्हटले, "एक जागा बघून ठेवली आहे. अक्षांश-रेखांश कळवतो. शोधून वहीत सही करायची. बदल्यात गोरसपाक मिळेल."

"काका, यंत्र तिथेच घेऊन टाका ना. मी पैसे पाठवतो."

"छे रे," मी म्हणालो, "इथे फार महाग आहे. तूच घेऊन ये."