आधी भिंत, मग कॅबिनेट

पुण्यात भाड्याच्या घराचा करार बहुतेक वेळा अकरा महिन्यांचा असतो आणि सामान हलतं ते महिनाअखेरीला. त्यामुळे आमच्या धंद्यात दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक ठरावीक फोन येतो. फ्रिज लागला, गॅस जोडून झाला, वायफायवाला येऊन गेला. फक्त कॉम्प्युटर चालू होत नाही. बोलणारा पुढे दोन गोष्टी हमखास सांगतो. ‘निघेपर्यंत मस्त चालत होता हो,’ ही एक. आणि ‘टेम्पोवाल्यांनीच आपटला असणार,’ ही दुसरी. पहिली मी नीट ऐकून घेतो. दुसरी ऐकून सोडून देतो.

निघेपर्यंत चालत होता, याचा अर्थ बिघाडाला तारीख आहे. एरवी बंद पडलेल्या मशीनचा इतिहास उकरण्यातच निम्मा वेळ जातो. इथे काय काय बदललं याची यादी छोटी असते: भिंतीतली वीज, मधल्या वायरी, कॅबिनेटच्या आतले जोड, आणि कुणाच्या लक्षात न येणारी चौथी गोष्ट म्हणजे मशीनला मिळालेली सक्तीची विश्रांती. मी तपासतो तेही याच क्रमाने. भिंत तपासायला काही लागत नाही, कॅबिनेट उघडायला वेळ लागतो आणि सुटा भाग बदलायला गिऱ्हाइकाचे पैसे लागतात. हा क्रम उलटा करणारे कारागीर तपकीर गल्लीच्या बाजारातून नवा एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, घेऊनच पोचतात. तो बसवून मशीन चालू झालं, तर जुना खरंच गेला होता की त्याची वायर नुसती सैल होती, हे कुणालाच कळत नाही.

नव्या घरात मी आधी त्याच सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून बघतो. अनोळखी बोर्डावर कोणतं बटण कोणत्या सॉकेटचं, हे घरच्यांनाही अजून पाठ झालेलं नसतं. मग यूपीएस. घरगुती यूपीएसमधली बॅटरी शिशाची असते. बराच काळ चार्जिंगविना खोक्यात पडली तर ती उतरते, आणि जुनी असेल तर पुन्हा उठतही नाही. बरेच यूपीएस बॅटरी मेलेली असली तर चालूच होत नाहीत, भिंतीत वीज असली तरीही. अशा वेळी कॉम्प्युटर ठणठणीत असतो आणि शोक मात्र त्याचा चाललेला असतो. यूपीएस बाजूला काढून वायर थेट सॉकेटला लावली की निकाल लागतो. त्यानंतर कॅबिनेटच्या मागचा एसएमपीएसचा छोटा स्विच: रेघेची बाजू दाबलेली असेल तर चालू, गोलाची असेल तर बंद. वर्षभर त्याला कुणी हात लावलेला नसतो, पण गाठोडं बांधताना तो सहज दाबला जातो.

पंखे फिरताहेत, दिवे लागलेत, पण पडदा काळा, ही तक्रारही ‘चालू होत नाही’ या नावानेच येते. तिथे मी मॉनिटरची वायर बघतो. ग्राफिक्स कार्ड असलेल्या मशीनमध्ये ती कार्डाला जोडायची असते. घाईत ती वर मदरबोर्डच्या खाचेत जाते, आणि पुष्कळ मशीन तिथून चित्र देतच नाहीत.

इथवर काही सापडलं नाही, तरच स्क्रू ड्रायव्हर काढायचा. टॉवर उभा ठेवून नेला की जड ग्राफिक्स कार्ड आपल्या खाचेला आडवं लटकत असतं आणि प्रत्येक खड्ड्याला तिथे हिसका बसतो. त्यापेक्षा मदरबोर्ड तळाशी येईल असा तो कुशीवर निजवून नेलेला बरा. रॅमची पट्टी एका टोकाला केसभर उचललेली सापडते. ती काढायची, सोनेरी कडेवरून हलक्या हाताने खोडरबर फिरवायचा आणि दोन्ही बाजूंनी ‘टक’ ऐकू येईपर्यंत पुन्हा बसवायची. इंटेलच्या जुन्या पंख्याला चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. त्यांतली एक निसटली तर मशीन चालू होतं आणि तापून थोड्या वेळात स्वतःच बंद होतं. पंखा एकदाच फडफडून थांबला, तर मी आत घरंगळलेला स्क्रू शोधतो. शॉर्ट झालं की एसएमपीएस स्वतःला बंद करून घेतो, आणि ते त्याचं शहाणपण असतं.

काहीच हालचाल नसेल तेव्हा मशीन सुरू होण्याची साखळी आठवावी लागते. जुन्या, एटी रचनेच्या मशीनमध्ये बटण थेट मेन लाइन तोडायचं. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स ही रचना आणल्यापासून समोरचं बटण नुसता निरोप देतं. ते मदरबोर्डवरच्या दोन पिना क्षणभर जोडतं. निरोप मदरबोर्डला पोचतो, मदरबोर्ड एसएमपीएसची हिरवी वायर ग्राउंडला ओढतो, आणि मग सगळा पुरवठा सुरू होतो. हा निरोप ऐकण्यापुरती जाग बंद मशीनमध्येही असते: जांभळ्या वायरवरचे ५ व्होल्ट. मीटर तिथे ५ दाखवतो का, हे मी आधी बघतो. दाखवत असेल तर त्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवतो. मशीन सुरू झालं तर दोष कॅबिनेटच्या बटणाचा किंवा त्याच्या नाजूक वायरीचा. मदरबोर्ड निर्दोष सुटला. जांभळी वायरच गप्प असेल तर एसएमपीएस गेला. तो उघडायचा मात्र नाही. २३० व्होल्टच्या लाइनवर आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशेच्या आसपास व्होल्ट साठलेले असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकू शकतात.

टेम्पोवाल्याची सुटका होते ती याच टप्प्यावर. रात्रंदिवस चालू राहिलेल्या मशीनमध्ये एसएमपीएसचे छोटे कपॅसिटर हळूहळू सुकत जातात. गरम असेपर्यंत ते काम ओढतात. पूर्ण थंड झाल्यावर नव्याने सुरू होण्याइतका दम त्यांच्यात उरत नाही. मशीन वर्षानुवर्षं बंदच झालं नाही, म्हणून हे उघडकीला आलं नाही. पुढच्या लांबलेल्या वीजकपातीतही हेच झालं असतं. घर बदलल्याने नवा दोष क्वचितच जन्माला येतो. बहुतेकदा सवयीने झाकून ठेवलेला जुना दोष उघडा पडतो. गिऱ्हाइकाला हे पटवणं अवघड जातं. सामान हलवून थकलेल्या माणसाला कारणापेक्षा गुन्हेगार हवा असतो.

कधी कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येतात आणि घरचे म्हणतात, ‘टेम्पोत काहीतरी तुटलंय.’ तुटलेलं काहीच नसतं. सॉकेटला अर्थिंग नसतं. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींना कॅबिनेटशी जोडतात. अर्थ नसेल तर कॅबिनेट लाइनच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतं. करंट अगदी किरकोळ असतो, पण टेस्टर मिणमिणतो. त्या घराला माझी नाही, वायरमनची गरज असते, आणि ते मी घरमालकासमोर सांगतो.

उरतो प्रश्न पैशांचा. दोष मागच्या स्विचएवढाच निघाला, तर काय घ्यायचं? काहीजण अशा वेळी उगाच कॅबिनेट उघडतात, ब्रश फिरवतात, आकडा फुगवतात. मला ते जमत नाही. मी भेटीची फी घेतो, आणि स्विच दाखवून घेतो. दाखवताना ‘एवढंच होतं’ म्हणत नाही. ‘हा स्विच सगळ्यांचाच दाबला जातो’ म्हणतो, जे खरंही आहे. मग पुढच्या वेळी निघण्याआधी मागच्या वायरींचा फोटो काढा, ग्राफिक्स कार्ड सुटं करून न्या, यूपीएसची बॅटरी मधूनमधून चार्ज करा, एवढं सांगून उठतो. ज्याला कारण समजलं, तो त्याच तक्रारीसाठी पुन्हा फोन करत नाही. धंद्याला हे परवडतं, कारण असं गिऱ्हाईक नव्या शेजाऱ्यांना माझा नंबर देतं.