बर्फाला घाम फुटेपर्यंत

लखनौचा पारा मे-जूनमध्ये पंचेचाळीसकडे सरकला की लसींच्या साठ्याशी येणारा प्रत्येक जण विचारतो, "साहब, ठंडा तो है ना?" मला धास्ती असते ती लस गोठण्याची.

बहुतेक लसींना २ ते ८ अंश सेल्सिअस लागतात. उष्णता लागली तर कुपीवरच कळतं: वर्तुळातला चौकोन गडद होत वर्तुळाच्या रंगाला मिळाला की कुपी बाद. गोठल्याची अशी खूण नाही. पेंटाव्हॅलंट किंवा हिपॅटायटिस-बीची लस गोठून वितळली की तिची ताकद जाते, चौकोन मात्र फिकाच राहतो. बाळाला सुई टोचली जाते, कार्डावर नोंद होते, संरक्षण मिळत नाही.

या राज्यात पोलिओचा शेवटचा रुग्ण २०१० साली सापडला. त्याआधी वर्षानुवर्षे घरोघरी थेंब पाजत फिरलेल्या माणसांना एकच सवय लागली, बर्फ कमी पडू द्यायचा नाही. त्या थेंबांसाठी ते बरोबरच होतं. ते साठवतातच उणे २० अंशांना. पण त्याच हातांनी पेंटाव्हॅलंटच्या कुप्यांना फ्रीझरमधला दगडासारखा आइसपॅक चिकटवला, की घात होतो.

म्हणून आइसपॅक आधी टेबलावर मांडायचे. वर घाम फुटला पाहिजे, कानाशी हलवल्यावर आत पाणी खळखळलं पाहिजे. उन्हाळ्यात हे लवकर होतं. जानेवारीच्या धुक्यात बराच वेळ लागतो, आणि चूकही तेव्हाच जास्त होते.

कुपी गोठल्याची शंका आलीच, तर त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम रात्रभर गोठवायची. ती वितळली की संशयित कुपीबरोबर हलवून सपाट जागी ठेवायची, आणि डोळे न हटवता बघायचं. गोठवलेलीचा गाळ भराभर बसतो, वर पाणी नितळतं. संशयित कुपीचाही तितक्याच वेगाने बसला तर ती फेकायची. गढूळपणा सावकाश खाली येत असेल तर ती वापरायची. या कामातली मला सर्वांत आवडती परीक्षा हीच. तिला वीज लागत नाही, नजर लागते.

आता ईविन या लससाठ्यावर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेमुळे फ्रीजचं तापमान मोबाइलवर कळतं. पण मलिहाबादकडच्या गावांत निघालेल्या लसींच्या कॅरिअरमध्ये तो सेन्सर नसतो. तिथे भरवसा डबा भरणाऱ्यांच्या हातांवर. त्यांच्यामागे सकाळी कुणी घाई लावू नये. गाडी खोळंबली तर खोळंबू द्या.