ताणलेले रबर

गेल्या महिन्यात शाळेतील जुने कपाट आवरताना उत्तरपत्रिकांचा एक गठ्ठा हाती आला. त्याचा रबर बँड सोडवू गेलो, तोच त्याचे तुकडे झाले. वर्षानुवर्षे ताणलेल्या रबराच्या साखळ्या हवेतील प्राणवायू व ओझोन तोडीत असतात. त्या तुकड्यांनी मला एका मुलाची आठवण करून दिली.

निपाणीच्या आमच्या सरकारी मराठी शाळेतील अनेक मुलांच्या आया विड्या वळतात. त्यांतलाच हा एक. वीस वर्षांपूर्वी माझ्या तासाला तो रबर बँड ताणून सारखा ओठांना लावीत होता. मी त्याला उभे केले.

"गुरुजी, ताणलं की गरम लागतं," तो म्हणाला.

वर्ग हसला आणि मी छडी उचलली. 'स्थितिस्थापकता' या शब्दाचा विग्रह मला येत होता. मात्र मुलाचे म्हणणे पडताळून पाहण्याचे सुचले नाही.

पुढे वाचनात आले, की जॉन गॉफ या अंध इंग्रज अभ्यासकाने १८०५ साली हाच प्रयोग नोंदविला होता. रबराचे रेणू म्हणजे गुंतलेल्या लांबलचक साखळ्या. ताणल्या की त्या सरळ होतात आणि उष्णता बाहेर पडते. म्हणूनच वजन टांगून ताणलेले रबर तापविले, तर ते लांबण्याऐवजी आखडते.

कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ताठर होई. १८३९ साली चार्ल्स गुडइयर याला ते गंधकासह तापविण्याची युक्ती सापडली. गंधकाचे पूल साखळ्यांना बांधून ठेवतात. त्यामुळे ताणलेले रबर मूळ स्थितीवर येते. परंतु गंधक फार झाले, की त्याचे एबोनाइट बनते. माझे जुने फाउंटन पेन त्याचेच आहे. त्याला चकाकी आहे. पण ते ताणले जात नाही.

शिस्तीचेही असेच असावे. थोडी असली तर मूल सावरते, फार झाली तर कठीण होते. त्या दिवसानंतर त्या मुलाने माझ्या तासाला एकही प्रश्न विचारला नाही. सातवी होऊन तो गेला.

परवा मी वर्गात रबर बँड वाटले आणि ते ताणून ओठांना लावावयास सांगितले. मीही लावला. गरम लागला. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "गुरुजी, असं का होतं?"

या प्रश्नाला मी वीस वर्षे उशीर केला होता.