तीन महिन्यांचा हिशेब

गृहस्थाश्रमात जी जी बिले माणसाच्या वाट्याला येतात, त्यांत रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या बिलाइतके अप्रिय बिल दुसरे नसावे. वाण्याचे पैसे चुकते केले म्हणजे पिशवीत गूळ-शेंगदाणे येतात. कापडवाल्याला दिले म्हणजे हाती लुगडे येते. विजेचे बिल भरले म्हणजे निदान डोक्यावरचा पंखा तरी फिरतो. येथे मात्र आधी रक्त द्यावयाचे, मग पैसे द्यावयाचे, आणि घरी आणावयाचा तो एक कागद. तोही बहुधा मनाची शांती घालविणारा. म्हणूनच की काय, हे बिल आम्ही भरतो खरे, पण कुरकुरत भरतो. त्या कुरकुरीची किंमत आम्हांस गेल्या वर्षी कळली. ती हकीकत आम्हांस भूषणावह नाही. तरीही सांगतो, कारण आमच्यासारखी घरे वाचकांतही पुष्कळ असतील अशी आम्हांस दाट शंका आहे.

आमच्या लहानपणी हा प्रकार इतका मोठा नव्हता. आम्ही रामबागेत राहत असू. आजीला मधुमेह होता. महिन्यातून एकदा औषधाच्या धुतलेल्या बाटलीत तिची लघवी घेऊन आम्ही गल्लीच्या टोकाच्या डॉक्टरांकडे जात असू. डॉक्टर एका काचनळीत बेनेडिक्टचे निळे द्रावण घेत, त्यात लघवीचे आठ थेंब टाकीत आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरीत. निळा रंग तसाच राहिला तर साखर नाही. हिरवा झाला तर थोडी, पिवळा झाला तर अधिक, आणि विटेसारखा लाल झाला तर आजीचा आंबा बंद! हा निकाल आम्ही डोळ्यांनी पाहून घरी धावत नेत असू. त्याचे वेगळे बिल होत असे की नाही, हे आम्हांस आठवत नाही; वडील महिन्याच्या महिन्याला जे काही देत, त्यातच ते सामावत असावे.

आता ही व्याधी आमच्या सौभाग्यवतींकडे आली आहे. गेल्या वर्षी चैत्रात डॉक्टरांनी त्यांना तपासण्या लिहून दिल्या : उपाशीपोटी साखर, जेवणानंतरची साखर, एच.बी.ए.१सी., क्रिएटिनीन आणि लघवीतील अल्ब्युमिन. पाचच नावे. आम्ही चिठ्ठी घेऊन एका मोठ्या प्रयोगशाळेत गेलो. खिडकीवरील तरुण मोठ्या अदबीने म्हणाला, “सर, इससे अच्छा तो पूरा पॅकेज ले लीजिए, त्रेसठ जाँचें हो जाएँगी.” पाचांऐवजी त्रेसष्ट! घाऊक मालात स्वस्ताई असते, या संस्काराचे आम्ही. लगेच होकार दिला आणि २,४५० रुपये मोजले.

घरी येऊन तो अहवाल वाचू लागलो, तेव्हा आमच्यातील मास्तर जागा झाला. त्रेसष्टांपैकी कित्येक आकडे हे मुळी तपासलेलेच नव्हते. ते गणिताने काढलेले होते. उदाहरणार्थ, एका तांबड्या पेशीत सरासरी हिमोग्लोबिन किती, हा आकडा हिमोग्लोबिनला पेशींच्या संख्येने भागून येतो. ‘वाईट’ म्हणून जे कोलेस्टेरॉल प्रसिद्ध आहे, तेही पुष्कळदा एकूण कोलेस्टेरॉलमधून ‘चांगले’ कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइडचा एकपंचमांश वजा करून काढतात. हे सूत्र १९७२ सालचे आहे. मग त्यांचे एकमेकांशी गुणोत्तर ही आणखी एक तपासणी! गणित खोटे नव्हते आणि आकडेही वैद्याला उपयोगी असतील. पण एका बेरजेला दोनदा गुण दिल्यासारखे आम्हांस वाटले. सर्वांत वाईट म्हणजे, डॉक्टरांनी मागितलेले लघवीतील अल्ब्युमिन त्या त्रेसष्टांत नव्हतेच.

चूक आमची होती. परंतु स्वतःवर रागावण्याची सवय गृहस्थास नसते. त्या रात्री जेवताना आम्ही मोठ्याने म्हणालो, “साखर आहे हे आपल्याला ठाऊकच आहे. तेवढे सांगायला अडीच हजार रुपये?” सौ.ने काही उत्तर दिले नाही. आमटी वाढली. आम्हीही ते वाक्य विसरून गेलो.

आषाढात ती एकटीच डॉक्टरांकडे जाऊन आली. “काय म्हणाले?” असे आम्ही विचारले. “गोळ्या चालू ठेवा म्हणाले,” एवढेच तिने सांगितले. श्रावण गेला, गणपती आले नि गेले. पुढे दसऱ्याच्या आवराआवरीत घरपट्टीची पावती शोधताना देवघराच्या खणातील पोथीत आम्हांस एक घडी केलेला कागद सापडला. आषाढातील तारखेची ती डॉक्टरांची चिठ्ठी होती. त्याच पाच तपासण्या, आणि लघवीतील अल्ब्युमिन या नावाखाली दोन रेघा. मागच्या बाजूस सौ.च्या अक्षरात मांडलेला हिशेब होता : दूध, धुणेभांडी, चिरंजीवांकडे पुण्यास जाण्याचे भाडे, आणि त्याखाली ‘२,४५०’ लिहून पुढे एकच शब्द : ‘दिवाळीनंतर’.

आम्ही तो कागद घेऊन स्वयंपाकघरात गेलो.

“अगं, ही चिठ्ठी आषाढातली. तपासून घेतले नाहीस?”

“अहो, काय तपासायचे?” कणीक मळता मळता ती म्हणाली, “साखर आहे हे ठाऊकच आहे. तेवढे सांगायला अडीच हजार कशाला?”

वाचकहो, आपलेच वाक्य आपल्यासमोर असे उभे राहिले म्हणजे काय वाटते, ते आम्ही लिहू शकत नाही. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हेच अधिक लागले. ती आमचे म्हणणे खरे मानून चालली होती.

आम्ही एका शासकीय शाळेचे मुख्याध्यापक. शिक्षकांची औषधोपचाराच्या प्रतिपूर्तीची देयके आमच्या टेबलावर येतात. डॉक्टरांची चिठ्ठी नसेल, मूळ पावती जोडली नसेल, तारीख जुळत नसेल, तर आम्ही ती लाल शाईने शेरा मारून परत पाठवितो. दुसऱ्यांच्या कागदांत एवढी शिस्त शोधणाऱ्या आम्हांस घरातील एक चिठ्ठी तीन महिने दिसली नव्हती.

दुसऱ्याच दिवशी सकाळी आम्ही दोघे निघालो. या खेपेस पॅकेजचा मोह टाळून, सुई टोचण्यापूर्वीच प्रत्येक तपासणीचा दर विचारला. दोन्ही साखरा ८० प्रमाणे १६०, एच.बी.ए.१सी. ४५०, क्रिएटिनीन २००, अल्ब्युमिन ४००, एकूण १,२१०. वयाची काही सवलत मिळते का, असे जरा संकोचाने विचारले. ती दहा टक्के मिळाली आणि बिल १,०८९ झाले. विचारावयास आम्ही उगाच लाजत होतो. बिलावर वस्तू व सेवा कराची ओळ नव्हती, आणि ती नसावयासच हवी. २०१७ साली हा कर सुरू झाल्यापासून रोगनिदानाच्या तपासण्यांना तो माफ आहे.

पैसे मोबाईलने देऊ लागलो. २०१६ पासून ही यूपीआयची सोय आली आणि सुट्ट्या पैशांचे भांडण मिटले, हे खरे. पण त्या दिवशी नवेच संकट उभे राहिले. आमच्या फोनवर खात्यातून पैसे गेल्याचा संदेश आला, आणि खिडकीवरील पैसे मिळाल्याची दवंडी पिटणारी ती डबी मात्र मौन धरून बसली. “सर, एक बार और कर दीजिए,” तरुण म्हणाला. मागे रांग वाढत होती. आम्ही पुण्यास चिरंजीवांना फोन लावला. “बाबा, घाईने परत पाठवू नका,” तो म्हणाला. “व्यवहाराचा क्रमांक लिहून घ्या. आत्ता रोख द्या. त्यांना पोचले नसतील तर बँक आपोआप परत करील.” रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा तसा नियमच आहे : दुकानदाराला अशा रीतीने दिलेली रक्कम खात्यातून गेली आणि त्याला पोचल्याची खात्री झाली नाही, तर पाच दिवसांच्या आत ती परत यावी, न आल्यास पुढील प्रत्येक दिवसाला बँकेने १०० रुपये भरपाई द्यावी. आम्ही रोख दिले व पावतीवर ‘रोख’ असे लिहून घेतले. तिसऱ्या दिवशी ते पैसे खात्यात परत आले.

उपाशीपोटीचे रक्त दिल्यावर जेवणानंतरच्या साखरेसाठी दोन तास काढावयाचे होते. हे दोन तास खाण्यास आरंभ केल्यापासून मोजावयाचे असतात. इंदुरात सकाळी खावयाचे म्हणजे पोहे. समोरच्या दुकानात वाफाळते पोहे आले. शेजारच्या कढईत जिलबी तळली जात होती. इंदुरी माणसाला पोह्यांशेजारी जिलबी दिसू नये, असे होत नाही. सौ.ने तिच्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाली, “आज तुम्ही एवढे पैसे दिले आहेत, आज नको.” आम्ही मान खाली घालून पोहे खाल्ले.

संध्याकाळी अहवाल आला. आता एच.बी.ए.१सी. म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. रक्तातील साखर तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटत राहते. या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. म्हणून किती हिमोग्लोबिनला साखर चिकटली आहे हे पाहिले, की मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर कळते. आदल्या दिवशी उपास करून या परीक्षेत पास होता येत नाही. ती वर्षभराच्या हजेरीपटासारखी आहे. चैत्रात सौ.चा हा आकडा ७.२ होता, आता ९.१ निघाला. आणि लघवीत अल्ब्युमिन मर्यादेपेक्षा अधिक होते. मूत्रपिंडावर मधुमेहाचा परिणाम होऊ लागल्याची ही पहिली खूण. माणसाला स्वतःला त्या वेळी काहीच जाणवत नाही, म्हणून तर तपासावयाचे.

जे तीन महिने ती चिठ्ठी पोथीत पडून होती, बरोबर त्याच तीन महिन्यांचा हिशेब त्या एका आकड्यात उतरला होता. आम्ही वाचविलेल्या पैशांची जमा-खर्चाची बाजू रक्ताने लिहून ठेवली होती.

डॉक्टर रागावले नाहीत. “उशीर झाला आहे, पण हाताबाहेर गेलेले नाही,” एवढेच म्हणाले. त्यांनी औषधे बदलली, मूत्रपिंडास जपणारी एक गोळी वाढविली, मीठ कमी करावयास सांगितले व तीन महिन्यांनी परत बोलाविले.

इंदूरच्या माणसाला हिशेबाचा धडा घ्यावयास दूर जावे लागत नाही. देवी अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ राज्य केले. राज्याचा पैसा निराळा आणि खासगीचा निराळा हा भेद त्यांनी कसोशीने पाळला, आणि देशभर बांधलेल्या घाट-देवळांचा खर्च खासगीतून केला. ज्याचा पैसा त्याच कामाला, हे त्यांतील मर्म. आम्हीही आता घरात एक लहानशी ‘खासगी’ केली आहे. दरमहा पगारातून ५०० रुपये वेगळ्या खात्यात जातात. त्यांना किराणा, भाडे, आहेर यांपैकी कोणी हात लावावयाचा नाही. तपासणीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकादशी-चतुर्थीच्या शेजारी लिहिलेली असते. ती आली म्हणजे ‘दिवाळीनंतर’ हा शब्द या घरात चालत नाही.

वाचकांना अनुभवाने आलेल्या चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. चिठ्ठीवर जे आहे तेच तपासावे, व पॅकेज घ्यावयाचेच तर त्यात ते सर्व आहे ना, हे आधी पाहावे. दर आधी विचारावा. घरी येऊन रक्त नेण्याचे निराळे पैसे असतील तर तेही. पावतीवर रुग्णाचे नाव, तारीख आणि प्रत्येक तपासणीची रक्कम असावी, व ती जपून ठेवावी; जुन्या पद्धतीने आयकर भरणाऱ्यास प्रतिबंधक आरोग्य तपासणीच्या खर्चावर, ठरलेल्या मर्यादेत, ५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, आणि ही रक्कम रोखीने दिलेली असली तरी चालते. ज्यांना हा खर्च झेपत नाही, त्यांनी तपासणी टाळू नये. सरकारी रुग्णालयांत २०१५ पासून राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली अनेक आवश्यक तपासण्या निःशुल्क करण्याची योजना आहे. तेथे रांगेत उभे राहण्यात कमीपणा नाही. आमच्या इंदुरातील महाराजा यशवंतराव रुग्णालयाच्या रांगेत आम्ही स्वतः उभे राहिलो आहोत.

आणि पाचवी गोष्ट, जी कोणत्याही पावतीवर छापलेली नसते : आजारी माणसासमोर बिलाचा उच्चार तक्रारीच्या सुरात करू नये. दर विचारणे वेगळे आणि कुरकुरणे वेगळे. पहिले खिडकीवर करावयाचे. दुसरे कोठेच नाही. घरातील बाई किंवा म्हातारे माणूस आपली कुरकूर ऐकते, काही बोलत नाही, आणि मग चिठ्ठी पोथीत ठेवून देते.

गेल्या महिन्यात सौ. एकटीच तपासून आली. एच.बी.ए.१सी. ७.४ वर उतरले आहे; अल्ब्युमिनही कमी झाले आहे. बिल तिने स्वतःच मोबाईलने भरले, व डबीनेही वेळेवर दवंडी पिटली. आम्ही वर्तमानपत्र वाचीत बसलो होतो. तिने पावती आमच्यापुढे धरली. “किती झाले ते विचारत नाही का?” ती म्हणाली.

आम्ही नाही म्हणालो, आणि पावती फायलीत लावली.