पावणेचार फेऱ्यांचं माप

मी पंधराशे मीटर पळतो, आणि मुरबाडचा पोरगा विद्यापीठाच्या स्पर्धेत मागे राहतो तो पायांमुळे नव्हे, मापामुळे, असं माझं ठाम मत आहे. पंधराशे म्हणजे ४०० मीटरच्या पावणेचार फेऱ्या. फेरी ७० सेकंदांची धरली तर ४ मिनिटं २२.५ सेकंद. पण पिस्तूल वाजलं की जो तो उधळतो. पहिली फेरी ६४ मध्ये गेली की तिसरीत पाय भरून येतात आणि कमावलेले ६ सेकंद व्याजासकट परत जातात. सत्तरचा वेग अंगात मुरायला फेऱ्या मोजूनच माराव्या लागतात. आम्ही मोजतो ते माळशेजच्या रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड. दगड खरं सांगतो, पण हजार मीटर होऊन गेल्यावर. शिवाय रस्त्याला ट्रॅकचं वळण नसतं. दुसऱ्या लेनमधून एक वळण काढलं की साडेतीन मीटर तरी जादा पळणं होतं, हे रस्ता कधीच शिकवत नाही.

यावर हमखास साबळेचं नाव येतं. बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२४ मध्ये पॅरिसला ३००० मीटर स्टीपलचेस ८:०९.९१ मध्ये पळालाच ना? पळाला, पण धावणं त्याने हाती घेतलं सैन्यात, आणि पुढे त्याचा सराव कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या उंचीवरही झाला. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ब्राँझ घेतलं ते १०,००० मीटरमध्ये; पंचवीस फेऱ्यांत एखादी चूक भरून काढता येते, पावणेचारमध्ये नाही. ‘डोंगरातली पोरं मुळातच काटक’ हे कौतुक तर मला नकोच. मुरबाड आहे माळशेज घाटाच्या खाली, इथली हवा काही विरळ नाही.

मग सिंथेटिक ट्रॅकची वाट बघायची? मुळीच नाही. पावसाळा रस्त्यावर काढावा. भात कापून झालं की धसकटं नसलेला सपाट माळ बघावा. ५० मीटरच्या दोन सरळ रेषा, टोकांना १५.९२ मीटरच्या दोरीने काढलेली दोन अर्धवर्तुळं, वर फक्की: २०० मीटरचं रिंगण तयार. दर फेरी ३५ सेकंद, साडेसात फेऱ्या. वळण आवळ असल्याने एकाच पोटरीवर ताण येतो, म्हणून एक दिवस उलट्या दिशेने पळावं. एक आक्षेप मात्र मान्य: सिंथेटिकवरची स्पाइक्सची पकड मातीवर कळत नाही, आणि शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा स्पाइक्स चढवले तर पोटऱ्या बोलतात. त्यासाठी आधी तीन-चारदा तरी मुंबईत मरीन लाइन्सच्या सिंथेटिक ट्रॅकवर जायला हवं. मुरबाडला रेल्वे नाही; पहाटेची एसटी, कल्याण, मग लोकल. कॉलेजने खर्च करायचाच तर टी-शर्टांआधी या तिकिटांवर करावा.