गुडघ्याला सवलत

मागच्या वर्षी जूनमध्ये जेवताना आईने सहज सांगितलं, "मी कथकच्या क्लासला नाव घातलंय."

मी आमटी वाढून घेत होतो. डाव तिथेच थांबला. आई छप्पन्न वर्षांची आहे. साहजिकच माझा पहिला प्रश्न, "अगं, गुडघ्यांचं काय?"

"ते घेऊनच जाणारे," आई म्हणाली. विषय संपला.

क्लास पालघरला, शनिवारी सकाळी. आम्ही राहतो मासवणला. मासवण म्हणजे सूर्या नदीकाठचं गाव. वसई-विरारच्या नळाला येणाऱ्या सूर्येच्या पाण्याचं पंपिंग स्टेशन इथलंच, एवढी आमची प्रसिद्धी. पालघरला जायचं तर वाघोबा खिंड ओलांडावी लागते, आणि पावसाळ्यात तिथून आईला एकटीने स्कूटीवर पाठवणं काही बरं दिसेना. म्हणून दर शनिवारी तिला सोडायचं आणि बाहेर गाडीत मोबाईल बघत बसायचं, अशी माझी ड्यूटी लागली. आठवडाभर ऐरोलीच्या ऑफिसात स्क्रीन, शनिवारी गाडीत स्क्रीन. बदल म्हणून तेवढंच :-)

तिसऱ्या शनिवारी मुसळधार पाऊस. क्लासच्या ताई छत्री घेऊन गाडीपाशी आल्या आणि म्हणाल्या, "मोबाईलच बघायचाय ना? मग आत बसून बघ."

आता थोडा फ्लॅशबॅक. सातवीत असताना गॅदरिंगच्या कोळीनृत्यातून मला काढलं होतं. "तुला ताल नाही" असं सगळ्यांसमोर सांगून माझ्या हातात पुठ्ठ्याची होडी दिली. ती धरून मी स्टेजच्या कोपऱ्यात उभा. तेव्हापासून मित्रांच्या वरातीतसुद्धा मी सगळ्यांच्या बॅगा सांभाळणारा माणूस. वीस मिनिटं नाचण्यापेक्षा दोन तास बॅगा परवडल्या.

तर आत गेलो. चाळिशीच्या पुढेमागे असलेल्या सात-आठ बायका सतरंजीवर मांडी घालून बसलेल्या, आणि नाचत कोणीच नव्हतं! सगळ्या हातावर ताल देत बोल म्हणत होत्या. ता थेई थेई तत, आ थेई थेई तत. तीनताल, सोळा मात्रा, चार-चारचे चार विभाग. नवव्या मात्रेला खाली, तिथे टाळी नाही, हात नुसता उलटायचा. सोळा संपल्या की पुन्हा एकवर, म्हणजे समेवर. माझ्या डोक्यात लगेच लूप फिरायला लागला आणि कधी टाळ्या द्यायला लागलो ते कळलंच नाही. ताईंनी बघितलं, पण बोलल्या काहीच नाहीत. पुढच्या शनिवारी माझ्यासाठी सतरंजी जरा लांब अंथरली होती, बस.

पहिला महिनाभर असाच, नुसती पढंत. लहान मुलं आधी पाय मारतात, हिशेब नंतर कळतो. मोठ्यांचं उलट, असं ताईंचं म्हणणं. मोठ्या माणसाला 'हे का' ते कळल्याशिवाय त्याचा पाय उचलत नाही. मग तोंडाला आणि हाताला पाठ झालेलंच पायात उतरवायचं.

दुसरी गोष्ट आरसा. क्लासच्या एका भिंतीला मोठा आरसा आहे, पण आमच्या बॅचला त्याच्याकडे पाठ करून उभं करतात. तिसरी गोष्ट घुंगरू. पहिले काही महिने नाहीतच. फरशीवर जोरात पाय आपटायला बंदी, पूर्ण तळवा सपाट आणि हलका टेकवायचा, आवाज मागाहून येईल. आणि चौथी, माझी सगळ्यात आवडती. चुकलं तर थांबायचं नाही, "सॉरी" म्हणायचं नाही. गेलं ते गेलं, पुढची सम पकडायची.

मला प्रामाणिकपणे वाटलं, हे जरा लाड करणं होतंय. एकदा विचारलंच, "ताई, तुम्ही स्वतः अशाच शिकलात का?"

त्या हसल्या. त्या बोईसरच्या. वडील तारापूरच्या कारखान्यात. सातव्या वर्षी नृत्य सुरू केलं. तेव्हा डहाणूपर्यंत लोकल नव्हती (ती २०१३ साली आली), त्यामुळे दर रविवारी विरारला गाडी बदलत मुंबईला गुरूंकडे जायचं. आरशासमोर तासन् तास तत्कार. चुकलं की सगळ्यांसमोर पुन्हा. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा दिल्या. मग लग्न, मुलगा, आणि नऊ वर्षं घुंगरू पेटीत.

चौतिसाव्या वर्षी त्या नव्या गुरूंकडे पुन्हा शिकायला गेल्या. "बोल सगळे पाठ होते रे, पण पाय दुसऱ्याच कुणाचे तरी. पुढच्या रांगेत सोळा वर्षांच्या मुली, मी शेवटच्या रांगेत. लहानपणी कसं आलं ते आठवतच नाही, त्यामुळे मला ते शिकवताही येत नव्हतं. 'न येणं' काय असतं ते त्या शेवटच्या रांगेत कळलं. माझं शिकवण्याचं शिक्षण तिथलंच."

त्यांच्या टेबलावर रोहिणी भाटे यांचं 'माझी नृत्यसाधना' असतं. रोहिणीताईंचा जन्म १९२४ चा. कॉलेजचं शिक्षण होईपर्यंतचा काळ गेला आणि मग विशीत त्या कथककडे वळल्या. १९४७ साली पुण्यात 'नृत्यभारती' काढली आणि त्यानंतरही लच्छू महाराज, मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे वर्षानुवर्षं शिकत राहिल्या. म्हणजे पुण्यात कथक रुजवणाऱ्या बाई स्वतः 'उशिरा' आलेल्या, आणि शिकवता शिकवता शिकणाऱ्या. कोणी "या वयात?" म्हणालं की ताई ते पुस्तक पुढे सरकवतात.

पण लाड होतात हा माझा समज लवकरच उतरला. ठाय लयीतून दुगुणीत जाताना बॅच कोलमडायची. वैतागून एक काकू म्हणाल्या, "जाऊ दे हो, आम्हाला कुठे स्टेजवर जायचंय!" ताईंनी टाळी थांबवली. "स्टेजवर जायचं नाही म्हणून पंधरा मात्रांचा तीनताल चालतो का? काकू, सवलत गुडघ्याला आहे, तालाला नाही." त्या दिवशी दुगुण बसेपर्यंत कोणाला सोडलं नाही. आई परतताना खिंड संपेपर्यंत पाय चोळत होती, पण चेहरा असा की मी रेडिओसुद्धा लावला नाही.

दिवाळीच्या सुमारास आमच्या जवळच्या पाड्यावर तारपा वाजला. तारपा म्हणजे वाळवलेला दुधी, बांबू आणि मेण यांचं वाद्य. मधे वाजवणारा, त्याच्याभोवती एकमेकांच्या कमरेला हात घालून फिरणारी रांग. सूर बदलला की पाऊल बदलतं. लहानपणापासून बघतोय, पण 'शिकवतात कसं' या नजरेने पहिल्यांदाच बघितलं. शिकवत कोणीच नाही! नवखा माणूस शेपटीला चिकटतो, शेजारच्याची कंबर त्याला पाऊल सांगते. परीक्षा नाही, आरसा नाही, आणि सगळे वाजवणाऱ्याकडे बघत असल्याने तुमच्याकडे बघायला कोणाला वेळही नाही. आई शेपटीला गेली. मग एका आजोबांनी मला हाताला धरून ओढलं. दोन फेऱ्या पाय चुकले, तिसऱ्या फेरीत बरे पडले.

ताईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मग आरसा उलटा करायचं मला कुठून सुचलं असेल? बोईसरचीच आहे मी."

आता मीही बॅचमध्ये आहे, शेवटच्या रांगेत, एकटा मुलगा. सातवीतला तो शेरा खरा होता की खोटा, मला अजून सांगता येणार नाही. दहातल्या चार वेळा सम हुकतेच. फक्त हुकली की मी होडी धरायला जात नाही, पुढच्या समेची वाट बघतो.

मागच्या शनिवारी आईच्या पायात पहिल्यांदा घुंगरू बांधले. थोडेच, हलके. घरी आल्यावर तिने ते सोडले नाहीत, तशीच ओट्याशी उभी राहून भाजी चिरत होती. बाबांनी पेपरमधून डोकं वर काढलं आणि म्हणाले, "सोळा झाल्या वाटतं?"

"पंधरा," आई म्हणाली.

असो. पाऊस थांबलाय. गाडी काढतो.