थंडीतली स्वतःची पाच मिनिटं

निफाडकडचा गारठा नाशकात उतरला की आधी माझ्या हातांना कळतं. बोटांच्या पेरांवर पांढुरक्या रेघा उमटतात, टाचा भेगाळतात. कोरडी हवा त्वचेतली ओल ओढून घेते आणि कढत पाणी, साबण तिचा उरलासुरला तेलकटपणाही धुऊन नेतात.

म्हणून हल्ली अंघोळ कोमट पाण्यानं, १० मिनिटांच्या आत. साबण सौम्य आणि गरजेपुरताच. अंग पंच्यानं नुसतं टिपायचं आणि ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावायचं. ओल आतच राहते, हेच त्यातलं गमक. बाटली न्हाणीघराच्या दाराशीच ठेवलीय. कपाटात ठेवली की डब्यांच्या गडबडीत राहून जातं. भांडी घासताना रबरी हातमोजे. मुलं झोपली की टाचांना पेट्रोलियम जेली, वर सुती मोजे. बस्स, एवढंच.

भेगांतून रक्त आलं किंवा खाज थांबेना, तर मात्र अंगावर काढू नये, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं. लेकरांच्या फुटलेल्या गालांना आपण न चुकता क्रीम लावतो. आईची त्वचाही तितकीच हुळहुळते, तिचीही तितकीच काळजी घ्यायला हवी.